सगळ्यांना बसेल अशी खुर्ची

"माझ्या खात्यात सहा वर्षांत एकदाही मतभेद झालेला नाही!" असं काटकोनसाहेब भेटेल त्याला सांगत. न भेटणाऱ्याला गाठून सांगत. आणि त्यात रतीभरही खोटं नव्हतं. पुढचा सगळा घोटाळा झाला तो त्यामुळेच.

काटकोनसाहेब हे खुर्च्यांच्या एका कारखान्यात आराखडा खात्याचे प्रमुख. कोणती खुर्ची किती उंच, किती रुंद, पाठ किती कलती, हे सगळं त्यांच्या खोलीत ठरायचं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव आता सहीपुरतं उरलं होतं. बसले की पाठ आणि मांड्या यांच्यात बरोबर नव्वद अंश. कारखान्याचं आवार ओलांडायचं झालं तरी तिरपे जाणार नाहीत. आधी सरळ जातील, मग वळतील, मग पुन्हा सरळ. कामगारांनी त्यांचं नाव काटकोन ठेवलं आणि ऐकू गेलं तर पंचाईत नको म्हणून पुढे 'साहेब' जोडलं.

हाताखाली पाच जण. पाचही साहेबांनी स्वतः पारखून घेतलेले. साहेब ज्या कॉलेजात शिकले त्याच कॉलेजातले, उंची पाच फूट नऊ, वजन अडुसष्ट किलो, भांग डावीकडे, पेन खिशाच्या उजव्या कोपऱ्यात. कारकून एकाला फाईल द्यायचा आणि दुसऱ्याकडून परत घ्यायचा. यात कारकुनाला काही वावगं वाटत नसे आणि त्या दोघांनाही नसे. साहेब धरून सहा झाले, म्हणून कामगार त्यांना 'सहाचा संच' म्हणत.

खात्याची बैठक पाहण्यासारखी असायची, फक्त पाहायला वेळ मिळत नसे. साहेब म्हणायचे, "मला वाटतं, पाठ अर्धा इंच उंच हवी."

पाच माना एकदम हलायच्या.

"मी तेच म्हणणार होतो, साहेब."

"माझ्या अगदी ओठांवर होतं."

"मी तर काल रात्रीच म्हणालो होतो, पण घरी."

झाली बैठक! शिपाई बैठक सुरू झाल्याची आणि संपल्याची घंटा एका दमात वाजवून टाकायचा.

अशा या खात्याकडे एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं. रोगी जिथे नंबर लागेपर्यंत थांबतात त्या दालनासाठी चारशे खुर्च्या हव्या होत्या. सगळ्यांना बसेल अशी खुर्ची, एवढीच अट. साहेबांनी आराखडा केला, नमुना तयार झाला, साहेब स्वतः बसले. झकास! मग पाचही जण एकामागून एक बसले. पाचांनाही झकास वाटलं. सहा अहवाल लिहिले गेले, त्यांतले स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी सारखे होते. साहेबांनी वर शेरा मारला, 'सहा वेगवेगळ्या व्यक्तींकडून तपासून घेतली.'

चारशे खुर्च्या गेल्या. नवव्या दिवशी चारशे खुर्च्या परत आल्या. सोबत पत्र होतं. 'वयस्कर बायका बसल्या की त्यांचे पाय लोंबकळतात. मुलं बसली की घसरून खाली येतात. अंगाने भरलेली माणसं बसली की उठत नाहीत आणि उठली तर खुर्चीसकट उठतात. गेल्या आठवड्यात आमच्या हाडांच्या विभागात दाखल झालेले तीन रोगी मुळात डोळे तपासायला आले होते.'

कारखान्याच्या मालकीणबाईंनी ते पत्र आवारातच उभ्याने वाचलं. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाईंची उंची चार फूट दहा इंच, आवाजाची उंची मोजायला अजून कुणी धजलेलं नव्हतं. त्यांनी ट्रकमधून एक खुर्ची उतरवून घेतली, सगळ्यांदेखत तिच्यावर बसल्या आणि शांतपणे विचारलं, "काटकोनसाहेब, माझे पाय कुठे आहेत?"

"तुमच्याजवळच आहेत, बाई."

"जमिनीजवळ का नाहीत?"

साहेबांनी वाकून पाहिलं. पाय आणि जमीन यांच्यात चांगलं वीतभर अंतर होतं. अशी शक्यता त्यांच्या कधी ध्यानीमनीही आलेली नव्हती. त्यांच्या माहितीत जमीन नेहमी पायाखालीच असायची.

"सहा जणांनी तपासली होती, बाई!"

बाईंनी सहाही जणांकडे पाहिलं. सहाही जण उजव्या पायावर भार देऊन उभे होते.

"सहा जणांनी कुठे? एकाच माणसाने सहा वेळा तपासलीत!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी वळूनही पाहिलं नाही.

"अकराव्या दिवशी दवाखान्याचे खरेदी अधिकारी येणार आहेत. मी त्यांना नवी खुर्ची दाखवायचं कबूल केलंय. ती जमली तर ठीक. नाही जमली तर साहेब, भुशाच्या गोदामाला देखरेख करणारा माणूस हवाच आहे."

भुशाचं गोदाम कारखान्याच्या अगदी मागे होतं, खिडकी नसलेलं. तिथे मापं घ्यायला काही नव्हतं, कारण भुशाला मापच नसतं. आणि इकडे साहेबांची खोली! उत्तरेकडे मोठी खिडकी, खिडकीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने रंधा मारून बनवलेलं उतरतं मेज, भिंतीवर उतरत्या क्रमाने टांगलेल्या पट्ट्या. वीस वर्षं त्या मेजावर त्यांनी रेघा मारल्या होत्या. त्या खोलीबाहेर आपण कोण, हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलाच नव्हता, कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

"आणि हे पाच जण या कामाला नकोत," बाई म्हणाल्या. "एकमेकांसारखी नसलेली माणसं घ्यायची. ती मी देते. तुम्ही निवडलीत तर आणखी पाच काटकोनच निवडाल."

बाईंनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. पहिले फाटकावरचे पहारेकरी, पहिलवान. कुस्ती सोडून वीस वर्षं झालेली, पण कुस्तीने त्यांना सोडलेलं नव्हतं. वजन एकशे तीस किलो. दुसरे शिंपीकाका. खुर्च्यांच्या बैठकांची आच्छादनं शिवण्यात हयात गेलेली, तीसुद्धा जमिनीवर मांडी घालून. तिसऱ्या कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीतल्या सिस्टर; हाताला खिळा लागला तरी आधी रक्तदाब मोजणाऱ्या.

"आणि परवा तुमचा विसरलेला चष्मा द्यायला एक बाई आल्या होत्या बघा. फाटकाशी उभ्या उभ्या दहा मिनिटांत त्यांनी मला आपल्या खुर्च्यांमधले चार दोष सांगितले. कोण त्या?"

साहेबांनी नाकावरचा चष्मा सरळ केला. "माझ्या सासूबाई."

"वा! उद्या नऊ वाजता त्यांनाही घेऊन या."

सासूबाई पंधरा दिवसांसाठी म्हणून लेकीकडे राहायला आल्या होत्या, त्याला आता चार वर्षं होत आली होती. उंची चार फूट नऊ, गुडघे दुखरे, जीभ ठणठणीत. साहेबांनी संध्याकाळी घरी निरोप सांगितला, तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, एवढा उशीर का लावलात विचारायला?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता साहेबांच्या खोलीत पहिली बैठक भरली. पहिलवान दारातून आडवे होऊन आत आले. शिंपीकाकांनी खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि जमिनीवर मांडी घातली. सिस्टर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. परत आलेल्या चारशेंपैकी एक खुर्ची मधोमध ठेवली होती.

"आपलं काही मत असेल तर..." साहेबांनी सुरुवात केली.

"कड बोचते," सासूबाई बसता बसता म्हणाल्या. "गुडघ्याच्या मागे. दहा मिनिटं बसलं तर पाय बधिर होतील."

"होणारच," सिस्टर म्हणाल्या. "तिथे रक्तवाहिनी आहे."

"कापड निसरडं आहे," शिंपीकाकांनी खालूनच हात लावून पाहिला. "मुलं घसरतील नाहीतर काय? आणि हे उलटं लावलंय, साहेब. याची गुळगुळीत बाजू खाली जायला हवी होती."

मग पहिलवानांची पाळी आली. ते बसले. कुठेतरी 'टक्' असा आवाज झाला आणि एक स्क्रू गोळीसारखा जाऊन खिडकीच्या चौकटीत रुतला.

"हा कमजोर आहे," पहिलवान विनयाने म्हणाले.

पाव तासात अकरा दोष निघाले! साहेब भराभर लिहीत होते. सहाच्या संचाला सहा वर्षांत जे दिसलं नव्हतं ते या चौघांनी घड्याळाचा काटा पाव फिरेपर्यंत समोर काढून ठेवलं होतं. साहेबांना पहिल्यांदाच वाटलं की भुशाचं गोदाम तसं बरंच लांब आहे. त्यांनी खूश होऊन पेन टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "मग आता कशी खुर्ची करू या?"

हा प्रश्न त्यांनी विचारला सव्वानऊ वाजता. त्याचं उत्तर त्यांना नवव्या दिवशी मिळालं.

"बसायची उंची कमी करा," सासूबाई म्हणाल्या. "टीचभर."

"टीचभर केलीत तर माझे गुडघे छातीशी येतील," पहिलवान म्हणाले. "उंचीचं राहू द्या. खुर्चीचे हात बाजूला सरकायला हवेत. माणूस आत मावला तर पाहिजे!"

"हात सरकवा नाहीतर काढून टाका," शिंपीकाका म्हणाले, "बैठक पुढे दोन वीत वाढायला हवी. मांडी घालून बसता आलं नाही तर ती खुर्ची कसली? तो नुसता लटकायचा खुंटा!"

"आणि पाठ मागे जायला हवी, पाय वर यायला हवेत," सिस्टर म्हणाल्या. "दवाखान्यात येणारा माणूस आजारी असतो हो. हे तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात आहे का?"

"तो आजारी असतो म्हणूनच त्याला उठता आलं पाहिजे!" सासूबाई कडाडल्या. "बसायला काय, कुणीही बसतं. उठताना कळतं! बैठकीने मागून जरासं उचलून द्यायला हवं."

"उचलायला मी आहे की," पहिलवान म्हणाले.

"चारशे जणांना?"

पहिलवान विचारात पडले. हिशेब त्यांना अशक्य वाटला नसावा, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

साहेबांनी मतदान घ्यायचं ठरवलं. पहिल्याच मुद्द्यावर दोन विरुद्ध दोन झालं आणि चारही जण साहेबांकडे पाहू लागले. साहेबांनी बराच वेळ पट्टी पुसली आणि अखेर तत्त्वाला स्मरून मत दिलं. ते सासूबाईंच्या विरुद्ध पडलं.

त्या रात्री जेवताना घरात भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"आईचं ऐकलं नाहीत म्हणे?" बायकोने विचारलं.

"अगं, ती कारखान्याची बैठक होती! तिथे त्या सासूबाई नाहीत, सहकारी आहेत."

"बरं मग. इथे ती माझी आई आहे आणि तिथे तुमची सहकारी. दोन्हीकडे तिचंच बरोबर आहे."

सासूबाई मान खाली घालून जेवत होत्या. "माझं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "मी आपली चार दिवसांची पाहुणी."

चार वर्षांच्या चार दिवसांपुढे साहेब काय बोलणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी मत बदललं. मग शिंपीकाका रुसले. काकांची समजूत काढली तर पहिलवानांनी फाटकावर साहेबांचं ओळखपत्र मागितलं. वीस वर्षांत पहिल्यांदा! सिस्टरनी काही केलं नाही, फक्त येता जाता साहेबांचा रक्तदाब मोजून आकडा सांगायला नकार दिला.

मधल्या सुट्टीत संचातले पाच जण खिडकीतून डोकावत. आतून आवाज येत: "हे तुम्ही मला शिकवू नका!", "तुम्ही कधी गरोदर बाईला त्या खुर्चीतून उठवलंय का?", "तुम्ही कधी नव्वद मीटर कापड एका बैठकीत शिवलंय का?" पाचही जणांच्या डोळ्यांत एकाच वेळी पाणी येई.

एक मात्र मान्य करायला हवं. भांडणातून रोज एकेक अशी अक्कल निघत होती, की साहेब रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या थक्क होत. मुलं खुर्चीच्या फटीत बोटं घालतात, हे सिस्टरना माहीत होतं. म्हातारी माणसं पिशवी कधीच जमिनीवर ठेवत नाहीत, हे सासूबाईंना. माणूस चिडला की तो आधी खुर्चीचा डावा हात हलवून पाहतो, हे पहिलवानांना. अक्कल चौघांकडे भरपूर होती. पंचाईत एवढीच होती, की ती सगळी एकाच खुर्चीत घालायची होती!

नवव्या दिवशी समेट झाला. समेट असा, की कुणाचंच काही काढायचं नाही. प्रत्येकाची सोय ठेवायची आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीचा खटका आपल्या मनासारखा बसवून घ्यायचा. पहिलवानांनी खुर्चीचे हात सरकवायला लोखंडी दांडा बसवला, जो फक्त त्यांनाच ओढता यायचा. शिंपीकाकांनी बैठक पुढे घ्यायला शिवणयंत्राचं पायडल लावलं. सिस्टरनी पाठ पाडायला आणि पाय उचलायला औषधाच्या बाटलीसारखं झाकण केलं. दाबून फिरवायचं, म्हणजे मुलांना उघडता येणार नाही. मोठ्यांनाही येत नव्हतं. सासूबाईंचा लोखंडावर विश्वास नव्हता. त्यांनी उचलून देणारी स्प्रिंग एका नाडीने बांधली आणि नाडीला स्वतःची गाठ मारली. आणि साहेबांनी? साहेबांनी सगळं पुन्हा काटकोनात आणणारं एक छोटं बटण बैठकीच्या पोटाशी, आतल्या बाजूला लपवलं. बटण बाहेर दिसलं तर रेषा बिघडते!

कारखान्याच्या मिस्त्रीने पाचही गोष्टी जोडल्या, खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "साहेब, एका वेळी एकच खटका चालवा. दोन चालले तर काय होईल ते मी सांगू शकतो. पाच चालले तर मी नाही."

अकराव्या दिवशी दहा वाजता खरेदी अधिकारी आले. सडपातळ, इस्त्रीदार, बोलणं मोजकं. पाच फूट नऊ असावेत, असा साहेबांनी पाहताक्षणीच अंदाज बांधला आणि त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला. प्रात्यक्षिक कोणत्या क्रमाने दाखवायचं, याचा कागद त्यांच्या खिशात होता. त्यावर 'वयाने मोठे ते आधी' एवढंच लिहून झालं होतं. पुढचं राहून गेलं होतं, कारण सासूबाईंना पहिला नंबर हवा होता, पण वय सांगायचं नव्हतं.

बाई बाजूला हात बांधून उभ्या होत्या. अधिकारी खुर्चीत बसले.

"छान आहे," ते म्हणाले.

साहेबांना भुशाचं गोदाम दिसेनासं झालं. इथे जर सगळे घरी गेले असते तर ही कथाही इथेच संपली असती.

"आणि हे खटके कशाचे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"दाखवतो," साहेब म्हणाले.

बस्स! त्या एका शब्दावर चौघांनी चार दिशांनी झडप घातली. पहिलवानांनी दांडा ओढला. काकांनी पायडल दाबलं. सिस्टरनी झाकण फिरवलं. सासूबाईंनी "थांबा हो, आधी माझं!" म्हणत नाडी ओढली. आणि खुर्ची काटकोनात आणावी या शुद्ध हेतूने साहेबांनी खालून बटण दाबलं.

खुर्चीने क्षणभर विचार केला. मग बैठक पुढे गेली, पाठ मागे गेली, स्प्रिंगने मागून उचललं, पाय वर आले, हात आधी बाजूला गेले आणि मग काटकोनाच्या ओढीने परत येऊन 'खटॅक्' बंद झाले. आवाज थांबला तेव्हा खरेदी अधिकारी मिटलेल्या छत्रीसारखे आत होते. गुडघे कानांशी, बूट कपाळाच्या रेषेत, आणि मधल्या फटीतून चष्मा.

साहेबांनी बटण पुन्हा दाबून पाहिलं.

"हे मुद्दाम आहे का?" फटीतून अत्यंत सभ्य आवाजात प्रश्न आला.

मिस्त्रीला बोलावणं गेलं. त्याने खालून, वरून, बाजूने पाहिलं. "पाच खटके एकमेकांत अडकलेत. पाचांनी ते एकदम सोडवले तरच सुटेल," तो म्हणाला, आणि लगबगीने निघून गेला.

"मी तीन म्हटलं की सोडायचं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज काटकोनात राहिला नव्हता. "एक..."

पहिलवानांनी दांडा मागे ढकलला. खुर्ची कण्हली. अधिकारीही कण्हले.

"पहिलवान, तीनला!"

"साहेब, आखाड्यात तीनपर्यंत थांबणारा माणूस तीनला पाठीवर असतो."

"पुन्हा. एक, दोन..."

"थांबा," शिंपीकाका म्हणाले. "तीन म्हणताना, की तीन म्हणून झाल्यावर?"

"म्हणताना!"

"नाही, झाल्यावर," सिस्टर म्हणाल्या. "इंजेक्शन नेहमी झाल्यावर देतात."

"मला मध्ये घाई केलेली चालणार नाही," सासूबाईंनी जाहीर केलं. "गाठ आहे ती, दिव्याचं बटण नाही."

चर्चा सुरू झाली. एक एक मुद्दा निघत गेला. फटीतला चष्मा या वक्त्याकडून त्या वक्त्याकडे वळत होता. अर्धा तास झाला. तेवढ्या वेळात सिस्टरनी अधिकाऱ्यांच्या हाती लागेल त्या भागाची नाडी मोजली आणि "उत्तम आहे" म्हणून सांगितलं. शिंपीकाकांच्या नजरेने पँटची उसवलेली शिवण टिपली. त्यांनी जागच्या जागी सुई ओवून ती शिवली आणि "हे मूळचंच कच्चं होतं" असा शेरा मारला. उन्हाची तिरीप तोंडावर आली, तेव्हा पहिलवानांनी अधिकाऱ्यांना खुर्चीसकट उचलून सावलीत ठेवलं. सासूबाईंनी फटीतून चमच्याने पाणी पाजलं आणि मुलंबाळं किती, मोठीचं कुठे जमतंय का, सूनबाई कशी आहे, हे सगळं काढून घेतलं.

काटकोनसाहेब एकटेच काही करत नव्हते. ते कोपऱ्यात उभे राहून, भुशाच्या ढिगावर टेबल ठेवलं तर ते किती अंशांत कलेल याचा विचार करत होते.

अखेर खुर्चीतूनच आवाज आला. "सगळ्यांनी गप्प बसा! मोजणार मी. आणि म्हातारबाई, तुम्ही एकलाच गाठ सोडायला घ्या. पहिलवान, तुम्ही माझ्या डोळ्यांकडे बघा, मी मिटले की सोडा. काका आणि सिस्टर, तीन म्हणताना आणि म्हणून झाल्यावर याच्या बरोबर मध्ये. साहेब, तुम्ही खाली हात घालून तीनला बटण सोडवा आणि कृपा करून काहीही ठरवू नका!"

एक, दोन, तीन. खुर्ची उघडली.

अधिकारी उठले, म्हणजे स्प्रिंगने त्यांना उठवलं. त्यांनी कोट झटकला, शिवण चाचपली, मान दोन्हीकडे फिरवून पाहिली. बाई पुढे झाल्या. "मी काय बोलू? मला लाज वाटते..."

"थांबा," अधिकारी म्हणाले. "मी चाळीस मिनिटं आत होतो. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी यांच्याकडे बघत होतो. या आजी त्या बुटक्या खोक्यावर बसल्या. काका जमिनीवर. पहिलवान त्या बिनहाताच्या बाकावर. सिस्टर भिंतीला टेकून. प्रत्येकाने आपापली जागा शोधली आणि चाळीस मिनिटांत कुणी कुरकुर केली नाही. म्हणजे जागेबद्दल." त्यांनी चष्मा पुसला. "तर मला एक सांगा. सगळ्यांना एकच खुर्ची कशाला हवी? चार प्रकारच्या शंभर शंभर करा की!"

नऊ दिवस आणि रात्रीची जेवणं धरून जे कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, ते गुडघे कानांशी असलेल्या माणसाला सुचलं होतं.

"मी तेच म्हणणार होते," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही?" शिंपीकाका उसळले. "पहिल्या दिवशी कोण म्हणालं होतं..."

"कोण?"

अधिकाऱ्यांनी घाईघाईने चारशे खुर्च्यांच्या कागदावर सही केली आणि त्यांच्या पाठी पुन्हा सुरू झालेल्या आवाजांमधून गाडी गाठली.

संध्याकाळी बाईंनी साहेबांना बोलावलं. "खोली तुमचीच," त्या म्हणाल्या. साहेबांनी डोळे मिटून श्वास सोडला. उत्तरेची खिडकी, उतरतं मेज, पट्ट्या, सगळं वाचलं होतं! "फक्त आता ते चौघंही तिथेच बसतील. कायमचे. तुमच्या पाच जणांना मी पाच खात्यांत वाटून टाकलंय."

साहेब म्हणाले, "सासूबाईसुद्धा?"

"त्यांना खात्याच्या उपप्रमुख केलंय. त्या म्हणाल्या, चार दिवसांसाठी करते."

नव्या खात्याची पहिली बैठक दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सुरू झाली. चार प्रकारच्या खुर्च्यांचे चार नमुने खोलीत आणून ठेवले होते, आणि बैठकीला पाच जण होते. कोणी कोणत्या खुर्चीवर बसायचं, एवढा एकच विषय होता. त्यावर तीन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, सूर्य मावळायच्या सुमाराला, या नव्या खात्यात प्रथमच सगळ्यांचं एकमत झालं. काटकोनसाहेबांनी तो ठराव आपल्या सरळ अक्षरात लिहून, पट्टी लावून, दारावर चिकटवला. कारखान्यात येणारे पाहुणे तो आजही थांबून वाचतात:

'खुर्च्यांच्या आराखडा खात्याच्या सर्व बैठका यापुढे उभ्याने होतील.'